तीळ नसलेली नवरी

मी लग्नाचा अल्बम बोलतोय. बोलतोय कसला, कुरकुरतोय. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही कुरकुरला असतात. वजन साडेआठ किलो, अंगावर मखमल, कडांना सोनेरी मुलामा, आत पुठ्ठ्यासारखी जाड चाळीस पानं. एवढ्या थाटाच्या वस्तूच्या वाट्याला काय यावं? आधी कपाटाच्या माथ्यावरची धूळ, आणि मग एका सरकारी अर्जापायी चक्क खोटेपणाचा आरोप!

माझा जन्म तैवानमधल्या च्याई शहरातल्या फोटोवाल्यांच्या गल्लीतला. आमच्याकडे लग्नाचे फोटो लग्नाच्या आधीच काढतात. लग्नाच्या दिवशी नवरानवरीला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून सहा महिने आधी एक दिवस ठरवून नटायचं, मुरडायचं, फोटो काढून घ्यायचे आणि मेजवानीच्या दिवशी अल्बम दारातल्या टेबलावर मांडायचा. पाहुणे येताजाता चाळतात. ही नवरी नक्की तीच ना, असा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो, पण तोंडाने सगळे ‘किती सुंदर!’ असंच म्हणतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

माझी नवरी पेइ-युन. दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते, पेशंटची नावं लिहून घेते. नवरा चिंग-हान. जन्म इथलाच, पण नऊ वर्षांचा असताना आईबरोबर कॅनडाला गेला आणि तिथला नागरिक झाला. तिशीला आल्यावर ‘एक वर्ष राहून येतो’ असं आईला सांगून च्याईला आला, शिकवणीच्या वर्गात इंग्रजी शिकवू लागला. मग त्याची अक्कलदाढ दुखली. दवाखान्यात पेइ-युनने त्याचं नाव लिहून घेतलं आणि एका वर्षाची सहा वर्षं झाली.

मार्च महिन्यात एका दिवसात त्यांनी चार पोशाख बदलले. पांढरा, लाल, निळा आणि एक जुन्या पद्धतीचा, भरजरी. मागे प्लायवूडचा किल्ला, कागदी फुलांचं शेत आणि कधीच न धावणारी एक आगगाडी. दुपारपर्यंत चिंग-हानचे बूट चावायला लागले होते. पाचव्या पानावर तो हसतोय असं तुम्हाला वाटेल, पण ते हसू नाही, टाच सोललेली आहे.

मग मला संगणकावर बसणाऱ्या एका कारागिराच्या ताब्यात दिलं. त्याचा हात फार सढळ. त्याने पेइ-युनची हनुवटी निमुळती केली, चिंग-हानचं पोट आत ढकललं, त्याला चार बोटं उंची बहाल केली. पेइ-युनच्या उजव्या डोळ्याखाली मसुराएवढा तीळ आहे. तो त्याने पहिल्या झटक्यालाच उडवला. चाळीस पानांत कुठेही तीळ नाही. मी छापून तयार झालो तेव्हा सगळे खूश होते.

सप्टेंबरमध्ये दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या आणि कायद्याने नवराबायको झाले. मेजवानी मात्र नोव्हेंबरमध्ये, कारण पेइ-युनच्या आईने पंचांग बघणाऱ्याला विचारलं होतं आणि त्याआधी एकही दिवस त्याला पसंत पडला नव्हता. म्हणजे बघा, फोटो मार्चमध्ये, सह्या सप्टेंबरमध्ये, जेवणावळ नोव्हेंबरमध्ये. आमच्याकडे याला लग्न म्हणतात. सातासमुद्रापलीकडे बसलेला माणूस याला काय म्हणेल, हा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात आला नाही.

मेजवानी संपली आणि मी गेलो कपाटाच्या माथ्यावर. शेजारी हिवाळ्यातली रजई, बिघडलेला पंखा आणि मी. वर्षभरात मला कुणी एकदाही उघडलं नाही. एकदा पाल येऊन बसली, तेवढीच सोबत.

खाली आणलं ते कॅनडातल्या सासूबाईंमुळे. त्या तिथे एकट्या राहत होत्या. काचबिंदूने नजर जात चालली होती. जानेवारीत दारापुढच्या बर्फावर पडल्या आणि शेजारणीचं लक्ष जाईपर्यंत तशाच पडून राहिल्या. शेजारणीने फोन केला तेव्हा चिंग-हान जेवत होता. भाताची वाटी त्याने खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.

“मी जायला हवं,” तो म्हणाला.

“आपण जायला हवं,” पेइ-युन म्हणाली.

हे म्हणायला सोपं. त्याला तिथे जायला तिकीट पुरे, पण तिला तिथे कायमचं राहायचं तर नवऱ्याने हमीदार व्हायचं, बायकोसाठी अर्ज करायचा, आणि नातं खरं आहे हे कागदांनी सिद्ध करायचं. शिवाय हमीदार स्वतःच परदेशात राहत असला तर ‘बायकोला परवाना मिळाला की मी नक्की कॅनडात परत राहायला येईन’ हेही पटवून द्यायचं. त्यासाठी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने पत्र लिहून पाठवलं, की मुलगा आणि सून माझ्याच घरी राहणार आहेत. त्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. ते वाचताना पेइ-युनने दोनदा चष्मा पुसला.

पोलिसांचा दाखला झाला, छातीचा फोटो झाला, सहा वर्षांत कोण कुठे राहिलं याचा महिन्यामहिन्याचा हिशोब झाला. मग अर्ज भरून देणाऱ्या फान बाई म्हणाल्या, “आता फोटो आणा. वीस. नातं दिसलं पाहिजे.”

आणि इथे, मंडळी, माझ्या माणसांनी माती खाल्ली.

घरात फोटोंचं आणखी एक पाकीट होतं, मेजवानीचं. चिंग-हानच्या मित्राने साध्या कॅमेऱ्याने काढलेलं. त्यात पेइ-युनचा धाकटा मामा दारू पिऊन गळ्यातला टाय डोक्याला बांधून नाचतोय. थोरली मावशी उरलेला अर्धा मासा प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतेय आणि तिच्या काखेत आधीच दोन पिशव्या आहेत. चिंग-हानचा चेहरा लालबुंद, पेइ-युनच्या गालावर सॉस, आणि सॉसच्या वर तीळ.

पेइ-युनची आई मेइ-श्या खालच्या मजल्यावर न्याहारीचं दुकान चालवते. अंड्याची धिरडी, मुळ्याच्या वड्या, सोयाबीनचं दूध. दुकान आवरून ती वर आली, तिने ते पाकीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“हे पाठवणार तुम्ही? परक्या सरकारला?”

“आई, खरेखुरे फोटो आहेत,” चिंग-हान म्हणाला.

“खरे आहेत म्हणूनच म्हणतेय! हिची मावशी मासा पळवताना दिसतेय. ते म्हणतील, या घरात खायला नाही म्हणून पोरगी इकडे पळून येतेय. आणि हा हिचा मामा! असा बघितला तर मी याला माझ्या दुकानातसुद्धा घेणार नाही, ते देशात घेतील?”

“मामा कुठे जातोय, जातेय मी,” पेइ-युन म्हणाली.

“तेच तर. सरकारदरबारी जायचं तर नीटनेटकं जावं. एवढा मोठा अल्बम केलाय तो काय पालींना बसायला?”

ती माझ्या बाजूने बोलली म्हणून मला केवढा आनंद झाला! किती मूर्ख होतो मी. वर्षभराची धूळ पुसून माझ्यातली सर्वांत देखणी वीस पानं निवडली, त्यांच्या नकला काढल्या, आणि अर्जाला जोडल्या. पाकीट गेलं टेबलाच्या खणात.

त्यानंतर वाट बघणं सुरू झालं. वाट बघण्याचा त्यांनी मला एवढा कंटाळा आणला, की रजई आणि पंखा बरे वाटायला लागले. रोज सकाळी चिंग-हान दात घासता घासता अर्जाचं पान उघडायचा. ‘विचाराधीन.’ दुपारी पेइ-युन दवाखान्यातून उघडायची. ‘विचाराधीन.’ जसं काही पेशंटचा नंबर पुढे सरकतोय. दरम्यान सासूबाईंनी सांगितलं की आता त्यांना केटलीतली पाण्याची रेघ दिसत नाही, त्या बोट बुडवून बघतात. चिंग-हानचा जीव टांगणीला लागला होता. दर रविवारी तो बॅग काढायचा, पेइ-युनकडे बघायचा आणि पुन्हा ठेवून द्यायचा.

तेरा महिन्यांनी पत्र आलं. मंजुरी नव्हती, संशय होता. हे लग्न खरं आहे याबद्दल आमची खात्री पटलेली नाही, खुलासा करा, अर्जदाराने मुलाखतीलाही यावं, असं त्यात लिहिलं होतं. फोटोंतले पोशाख आणि जागा वेगवेगळ्या लग्नांच्या दिसतात. फोटोंवरची तारीख लग्नाच्या नोंदणीच्या सहा महिने आधीची आहे. एकाही फोटोत कुटुंबातलं माणूस नाही. आणि फोटोंतली स्त्री अर्जदाराच्या पासपोर्टमधल्या स्त्रीशी मिळतीजुळती वाटत नाही.

यात त्या साहेबांचं काय चुकलं, सांगा. मी स्वतः साहेब असतो तर मीही हेच लिहिलं असतं. चार पोशाख, किल्ला, आगगाडी, माणूस एक नाही, आणि नवरी कुणी भलतीच. मला पहिल्यांदा स्वतःच्या मखमलीची लाज वाटली.

खुलाशाला तीस दिवस. नकार आला तर चिंग-हान एकटा जाणार, हे आता नक्की होतं. आईला त्या अवस्थेत ठेवून इथे राहणं त्याला शक्य नव्हतं, आणि पुढचा अर्ज, पुढची वर्षं, कोण मोजणार? दोघं टेबलापाशी बसली होती. तेवढ्यात मेइ-श्या गरम मुळ्याच्या वड्या घेऊन वर आली.

“काय म्हणतंय पत्र?”

चिंग-हानने चिनीत भाषांतर करून वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य त्याने गिळायला बघितलं, पण ती बाई काही सोडणारी नव्हती.

“काय? मिळतीजुळती नाही म्हणजे?”

“म्हणजे… ही पेइ-युन नाही असं त्यांना वाटतं. तीळ नाही ना फोटोत.”

“ही माझी मुलगी नाही?” तिचा आवाज असा चढला की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं. “सतरा तास कळा दिल्यात मी! बाहेर आली ती हा तीळ घेऊनच आली! दाईने आधी तो पुसायला बघितला, घाण समजून!”

तिच्या एप्रनच्या खिशात काळा मार्कर असतो. फ्रीजमधल्या पिशव्यांवर ती त्याने तारीख लिहिते, पाण्याने जात नाही असा. तो तिने काढला, मला ओढलं, धाडकन उघडलं, आणि पहिल्या पानावरच्या नवरीच्या उजव्या डोळ्याखाली एक टपोरा ठिपका ठेवून दिला.

“आई!” दोघंही ओरडली.

“ही घे माझी मुलगी!” दुसरं पान. टप. तिसरं पान. टप. पेइ-युनने तिचा हात धरला तर डाव्या हाताने तिलाच मागे सारलं. वड्या गार होत होत्या. मी काय करणार होतो? चाळीस पानं आणि चाळीस ठिपके सोसले मी. बाराव्या-तेराव्या पानानंतर ती ओरडायची थांबली, पण हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी फान बाईंनी मला बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “पुराव्यात खाडाखोड! अहो, असं कुणी करतं का? आता हा अल्बम कुणाच्या नजरेस पडता कामा नये. मुलाखतीला बोलावलंय ना, तेव्हा नुसत्या आधीच्या नकला घेऊन जा. अल्बम हरवला म्हणून सांगा.”

“आणि त्यांनी विचारलं तर?”

“विचारलं तरी हरवला.”

पेइ-युन बराच वेळ माझ्या मखमलीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “फान बाई, आम्ही आजवर खोटं काहीच बोललो नाही, तरी खोटे ठरलो. आता खरंच खोटं बोलले तर माझ्या तोंडावर दिसेल. अल्बम येणार. आणि ते पाकीटही येणार, मामासकट.”

मला तिचा अभिमान वाटला, आणि साडेआठ किलो घेऊन जिने चढताना तिने मला ज्या शिव्या घातल्या त्या मी मनावर घेतल्या नाहीत.

तैपेईतल्या कॅनडाच्या कचेरीतली मुलाखतीची खोली थंडगार होती. अंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून मला नेलं होतं. टेबलापलीकडे साहेब, शेजारी भाषांतर करणाऱ्या एक बाई. चिंग-हानला बाहेर बसवलं होतं. साहेबांनी मला उघडलं, पहिलं पान बघितलं, चष्मा वर केला.

“हा ठिपका कसला?”

“तीळ आहे. माझा. फोटोवाल्याने काढून टाकला होता.”

“मग हा कुणी काढला?”

“आईने.”

“का?”

“तुमचं पत्र आलं ना, त्यात होतं की ही बाई मी नाही. तिला राग आला. तिला वाटलं, तुम्ही म्हणताय मी तिची मुलगी नाही.”

भाषांतर करणाऱ्या बाई मध्येच थांबल्या, रुमाल शोधल्यासारखं केलं आणि मग पुढे बोलल्या. साहेबांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. ते एकेक पान उलटत गेले. मार्चमध्ये का, पोशाख चार का, मेजवानी नोव्हेंबरमध्ये का, सगळं विचारलं. ती सगळं सांगत गेली, पंचांगवाल्यासकट. मग एका पानापाशी ते थांबले.

“इथे तीळ दुसऱ्या गालावर आहे. आणि यापुढे तर कुठेही. इथे कपाळावर, इथे केसांत.”

पेइ-युन वाकून बघायला लागली. तिनेही ते आधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाली, “इथून पुढे ती रडत होती.”

साहेबांनी मला मिटलं, अगदी हळू, आणि पाकिटाकडे हात केला. टाय बांधलेल्या मामापाशी त्यांनी विचारलं, हे कोण. मावशीच्या माशाचा फोटो तर ते माझ्या चाळीस पानांपेक्षा जास्त वेळ बघत बसले. मला वाईट वाटलं, पण रागवायला तोंड कुठे होतं?

पाच आठवड्यांनी मंजुरी आली. चिंग-हान मोठ्याने रडला. मेइ-श्याने खालच्या गिऱ्हाइकांना फुकट दूध पाजलं आणि मग दुकानाच्या मागे जाऊन एकटीच बसली. मुलीसाठी परवाना मिळावा म्हणून जिने एवढा आकांत केला, तिला परवाना म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

सामानात मला जागा झाली नाही. तेवीस तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यात साडेआठ किलो माझे कोण नेणार? पाकीट मात्र पेइ-युनने हातातल्या पिशवीत ठेवलं. मी खाली मेइ-श्याकडे आलो. दुपारी दुकान बंद झालं की ती मला टेबलावर उभा करते आणि मला टेकून फोन ठेवते. पलीकडे मुलगी दिसते, जावई दिसतो, सासूबाई डोळे मिटून हसताना दिसतात. मला काहीच दिसत नाही, फोनची पाठ तेवढी माझ्या पोटाला टेकते. मखमल आणि सोनेरी मुलामा, आणि हुद्दा काय, तर फोनचा टेकू.

परवा फोनवर पेइ-युन म्हणाली, “आई, आता तुझा अर्ज भरू. पाहुणी म्हणून तरी ये. आपण दोघी आहोत असा एखादा चांगला फोटो शोध ना. माझ्याकडच्या पाकिटात तू सगळीकडे पाठमोरीच आहेस, पाहुण्यांच्या मागे धावताना.”

पुन्हा अर्ज! पुन्हा फोटो! मला घाम फुटला. पण मेइ-श्याने फोन ठेवला, चष्मा लावला आणि मला सुरुवातीपासून चाळायला बसली. किल्ला झाला, आगगाडी झाली. अठराव्या पानावर तिचं बोट थांबलं. बुदाईचा समुद्रकिनारा, पेइ-युन पांढऱ्या पोशाखात, आणि तिची लांबलचक जाळीची ओढणी वाऱ्यावर उडतेय.

फोटो काढले त्या दिवशी वारा नव्हता. मेइ-श्या दुकान बंद ठेवून मुलीबरोबर आली होती, बुटांच्या पिशव्या सांभाळत. फोटोवाला म्हणाला, काकू, ओढणीचं टोक धरून उंच करा, मी सांगितलं की सोडा आणि पळा. गुडघेदुखीमुळे तिला पळता येईना. सात वेळा फोटो काढला, सातही वेळा ती फोटोत आली, पाण्यात घोट्यापर्यंत उभी, हात वर. शेवटी फोटोवाला कंटाळून म्हणाला, “राहू द्या, नंतर पुसून टाकू.” तीळ पुसणाऱ्या त्याच माणसाने तिलाही पुसलं आणि तिच्या जागी समुद्र भरला.

मेइ-श्याने त्या पाण्यावर बोट ठेवलं. “इथं मी होते,” ती म्हणाली. ऐकायला घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

तेव्हा साहेब, आता तिचा अर्ज तुमच्याकडे येईल. कदाचित त्याच्याबरोबर मीही येईन, किंवा माझ्या एका पानाची नक्कल येईल. किल्ल्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका, आगगाडीवर तर मुळीच नको. फक्त अठरावं पान जरा जवळ धरून बघा. डावीकडे तुम्हाला नुसतं पाणी दिसेल. ती तिथे उभी आहे.